कात्री-मातीला नावं ठेवण्याआधी

घरी शिकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीच्या आईला नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, ओळखीच्या निवृत्त शिक्षकांकडून एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : ‘हे सगळं छान आहे गं, पण अभ्यास कधी सुरू करणार?’ ‘हे सगळं’ म्हणजे फरशीवर सांडलेली शाडूची माती, वेड्यावाकड्या कापलेल्या कागदाच्या पट्ट्या, कणकेच्या खळीने चिकट झालेली बोटं आणि चिंचोके मांडून केलेली अक्षरं. बोलणाऱ्याच्या लेखी हा पसारा असतो आणि अभ्यास म्हणजे चार रेघी वही. माझं मत नेमकं उलट आहे. तीन ते सात या वयात लिहिण्या-वाचण्याचा पाया याच पसाऱ्यात घातला जातो. चार रेघी वहीची पायरी त्याच्या नंतरची आहे, आणि ती आधी चढायला लावली तर पुष्कळ मुलं तिथेच अडखळतात.

आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. त्यांना मुलांची काळजी वाटते. पण काळजीपोटी दिलेला सल्लाही तपासून घ्यावा लागतो, आणि हा सल्ला तपासाला टिकत नाही.

त्यातला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा आधी घेते. इंग्रजीच्या स्पेलिंगमध्ये काही ताळतंत्र नाही, म्हणून तिकडच्या मुलांना खेळ, चित्रं, कार्डं लागतात. आपली देवनागरी जशी बोलतो तशी लिहितो. बाराखडी पाठ करून घेतली, रोज पानभर गिरवून घेतलं की झालं. आमच्या पिढ्या अशाच शिकल्या. ही मांडणी इतकी सवयीची झाली आहे की ती कुणी उलटून बघत नाही. बघू या.

क ते ळ आणि वर क्ष, ज्ञ धरले तर ३६ अक्षरं होतात. बाराखडीने गुणलं की ४३२. जोडाक्षरं यात धरलेलीच नाहीत. पाच वर्षांच्या मुलापुढे आपण एवढा मोठा संच ठेवतो आणि म्हणतो, सोपं आहे. आता तो संच किती सरळ आहे तेही पाहा. ‘कि’ म्हणताना तोंडातून आधी क येतो, पण कागदावर डोळ्यांना आधी वेलांटी दिसते. ‘गंगा’, ‘दंड’, ‘चंपा’ या तिन्ही शब्दांवरचं टिंब एकच, उच्चार मात्र तीन. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एकाच आकृतीने लिहितात, कुठे कसा म्हणायचा हे लिपी सांगत नाही. ‘करवत’ या शब्दात र लिहिलेला असतो पूर्ण, आणि आपण बोलतो ‘कर्‌वत’. र तर किती वेषांत येतो : प्रकाश, अर्क, ट्रक, दोऱ्या. बाराखडी घडाघडा म्हणणारं मूल ‘घर’ हा शब्द समोर आला की ‘घ... र...’ असं तोडून म्हणतं आणि थांबतं, कारण त्या दोन आवाजांना जोडून शेवटचा अ गिळायचा असतो हे त्याला पाठांतराने सांगितलेलं नसतं. देवनागरी शास्त्रशुद्ध आहे, याचा मला अभिमान आहे. पण ती मोठ्यांना शास्त्रशुद्ध दिसते. मुलाला ती उलगडून घ्यावी लागते, आणि उलगडण्यासाठी तिचे भाग सुटे करून हातात द्यावे लागतात.

हातात देणं म्हणजे काय, ते एका उदाहरणातून सांगते. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्यायचा. त्यातून क, म, न, ल अशी चार-पाच अक्षरं मोठी कापायची, आणि काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, मात्रा यांच्या पट्ट्या वेगळ्या रंगात कापायच्या. मूल न उचलतं, त्याच्यापुढे काना ठेवतं, ‘ना’ म्हणतं. मग ‘नि’ करायला बसतं. बहुतेक मुलं वेलांटी अक्षराच्या नंतर ठेवतात, कारण इ चा आवाज नंतर येतो. त्यांचा कान बरोबर असतो. आपण ते वाचून दाखवायचं : ‘हे नी झालं.’ मूल पट्टी उचलतं, उलटीपालटी करून बघतं, डावीकडे नेतं. आता ‘नि’. पुन्हा उजवीकडे. ‘नी’. ही ने-आण दहा मिनिटं चालते आणि त्या दहा मिनिटांत ऱ्हस्व-दीर्घ ही गोष्ट नियम म्हणून सांगावी लागत नाही. ती पट्टीच्या जागेत आणि आवाजाच्या लांबीत सापडते. तेच वहीत गिरवून घेतलं असतं तर ‘नि’ आणि ‘नी’ या दोन वेगळ्या चित्रांच्या दोन ओळी झाल्या असत्या. वेलांटी हलू शकते, ती म पुढेही तेच काम करते आणि ल पुढेही तेच, हे वहीत कळायला कितीतरी महिने जातात. काही मुलांना ते तिसरीतही कळलेलं नसतं.

हे मी मनाने म्हणत नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा करणारा ‘लिरिल’ हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातला पुष्कळसा वेळ अक्षरं आणि बाराखडी उतरवून घेण्यात जातो, अर्थाकडे आणि मुलाच्या स्वतःच्या लिहिण्याकडे फार कमी वेळ जातो, आणि त्याचे परिणाम मुलांच्या वाचनात दिसतात, असं चित्र त्यातून पुढे आलं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. यामागे गरिबी आहे, शिक्षकांची कमतरता आहे, करोनाची दोन वर्षं आहेत. सगळा दोष गिरवण्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण ‘गिरवा, पाठ करा, आपोआप येतं’ हे आता कुणी छातीठोकपणे सांगू नये.

फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याचा जो रस्ता घालून दिला, त्याचं मोल इथे कळतं. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत न थांबता मोजकी अक्षरं आणि त्यांच्यासोबत काना-वेलांटी द्यायची, आणि लगेच अर्थाचे शब्द वाचायला लावायचे. घरी कार्डाच्या पट्ट्या कापणारी आई नकळत याच रस्त्यावर असते.

गिरवण्याबद्दल आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं स्वतःच्या हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर मेंदूच्या चित्रणात दिसलं ते असं : वाचनाशी संबंधित भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. प्रयोग छोटा होता, अक्षरं रोमन होती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही त्यातला तर्क शिकवणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवताना अक्षर कसं आहे हे मुलाला ठरवावं लागत नाही, ठिपके ते ठरवून देतात. कोऱ्या पाटीवर किंवा मातीत तेच अक्षर काढताना दांडा किती लांब, गाठ कुठे, वळण कुठल्या बाजूला, हे सगळं त्याला स्वतः ठरवावं लागतं. म्हणून त्याचा ‘क’ वाकडा येतो. मला तो वाकडा क पानभर गिरवलेल्या सुबक क पेक्षा जास्त आश्वासक वाटतो.

आपल्याकडेही पूर्वी हेच होतं, ही गोष्ट ‘आमच्या पिढ्या’ म्हणणारे विसरतात. पाटावर धूळ किंवा रेती पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. ती धूळपाटी होती. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांतून सरस्वती काढताना मुलं अंकाला वळवून चित्र घडवतात. ठिपक्यांची रांगोळी मोजून मांडावी लागते, एक ठिपका चुकला की आकृती बिघडते. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला किल्ला, कामट्यांचा आकाशकंदील. हाताने शिकणं आपल्याला परकं कधीच नव्हतं. छापील वर्कबुक हीच अलीकडची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप असा की हे श्रीमंतांचे चोचले. महागड्या शाळांचं, परदेशी लाकडी खेळण्यांचं हे खूळ, ते आता घरात शिरलं. या आक्षेपाने मला खरोखर वाईट वाटतं, कारण यात आपल्याच माणसांचं काम पुसून टाकलं जातं. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिलं बालघर उघडलं ते सॅन लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत, कामाला जाणाऱ्या आईबापांच्या, चाळीत दिवसभर मोकाट फिरणाऱ्या मुलांसाठी. खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने चाचपणारी, सुटी अक्षरं जुळवून वाचण्याच्याही आधी शब्द लिहिणारी पहिली मुलं मजुरांची होती. आणि आपल्याकडे? ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो पैशाचाच. आयात केलेली साधनं ग्रामीण, आदिवासी मुलांना कशी परवडणार? त्यांनी पानं, फुलं, बिया, शंख-शिंपले, माती हीच साधनं केली. पाड्यातली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्याची मुळं तिथे आहेत. ज्यांना हे श्रीमंतांचे चोचले वाटतात, त्यांनी ताराबाई-अनुताईंच्या कोसबाडच्या टेकडीवर काय झालं ते एकदा वाचावं.

खर्चाचा हिशेब तर सरळ आहे. रद्दी, लग्नपत्रिका, चिंचोके, कणकेची खळ, शाडू, परातीत पसरलेला रवा. बोथट टोकाची एक कात्री विकत घ्यावी लागते. मोठ्यांच्या कात्रीने मुलांची बोटं दुखतात आणि ती कापणं सोडून देतात, त्यामुळे एवढा खर्च मात्र करावा.

सरकारचं धोरणही आता याच बाजूचं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकसंध मानला. २०२२ मध्ये त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा आला, तो खेळातून शिकण्यावर उभा आहे. २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आला, त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची कार्डं आहेत. सरकारने पेटीत घालून दिलं तर ते शिक्षण आणि आईने घरात केलं तर तो वेळेचा अपव्यय, असं कसं म्हणता येईल?

आता मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने थोडं बोलते, कारण त्यांचा राग काही ठिकाणी योग्य जागी आहे. घरशाळेच्या नावाखाली बाजारात जे विकलं जातं, त्यातलं बरंच टाकाऊ आहे. ‘अ’चा आकार आधीच कापलेला, अननस आधीच रंगवलेला, मुलाने फक्त कापूस चिकटवायचा. मूल अर्धा तास कापूस चिकटवतं, त्या अर्ध्या तासात ‘अ’ हा आवाज एकदाही निघत नाही, आणि शेवटी जी सुंदर वस्तू तयार होते ती आईने केलेली असते. फोटो छान येतो. वाचनाशी त्याचा संबंध नाही. कोल्हापुरातल्या मुलाला बर्फाचा माणूस कापायला लावणारे संच आहेत. मराठी घरात वाढणाऱ्या मुलीच्या टेबलावर आधी रोमन अक्षरं येतात आणि मराठी ‘नंतर बघू’ म्हणून मागे ढकलली जाते, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. घरी शिकवण्याचा निर्णय घेतल्यावर तरी मुलाला त्याच्या बोलण्याच्या भाषेतून वाचायला शिकवता यायला हवं. ते स्वातंत्र्य हातात असताना सोडून द्यायचं आणि इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गाची नक्कल घरात मांडायची, याला काय म्हणावं?

म्हणून उपक्रम निवडताना मी दोनच गोष्टी बघते. काम कुणाच्या हाताने झालं, आणि ते होताना मुलाच्या तोंडून भाषा निघाली का. मातीचा म करताना ‘म, मका, मगर, मावशी’ असं चाललं असेल तर तो अभ्यास आहे. गप्प बसून सुबक म झाला असेल तर ते हस्तकौशल्य आहे. त्यालाही किंमत आहे, पण त्याला वाचनाचा पाठ म्हणू नये. भेंड्या लावणं, उखाणे-कोडी घालणं, बडबडगीताच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडणं यात तर काहीच साहित्य लागत नाही, आणि ही कानाची तयारी झाली नसेल तर पुढची कात्री-माती वाया जाते.

या सगळ्यात मला सर्वांत जिवंत वाटतो तो दिवाळीचा किल्ला. तिथे मुलाला लिहिण्याची गरज स्वतःहून पडते. माती कालवली, दगड रचले, गोणपाट टाकून बुरूज केले, हळीव पेरले, मावळे मांडले. मग कुणीतरी येता-जाता बुरुजावर पाय देतं. संतापलेलं मूल आत येतं आणि म्हणतं, मला पाटी लिहून दे. इथे आईने लिहून द्यायचं नाही. ‘तू सांग, काय लिहायचं?’ ‘पाय देऊ नका.’ ‘पहिला आवाज कुठला?’ मग प येतो, काना येतो, य येतो. ‘देऊ’च्या जागी ‘देवु’ येतं. ‘नका’ शेवटी मावत नाही म्हणून खालच्या ओळीत जातो. ती पाटी काडीला चिकटून किल्ल्यावर उभी राहते आणि लोक खरोखरच बाजूने जायला लागतात. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि त्याप्रमाणे वागतं, हे मुलाला पहिल्यांदा दिसतं. कुठल्या चार रेघी वहीत हे दिसणार? ‘देवु’ दुरुस्त करायला पुढे अख्खं बालपण पडलंय. त्या दिवशी मात्र कुणी लाल पेन घेऊन किल्ल्यापाशी जाऊ नये.

मुलं मागे पडतील, ही भीती उरतेच. संशोधक सेबास्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचनाचं औपचारिक शिक्षण सुरू झालेल्या मुलांची तुलना केली. सुमारे अकराव्या वर्षापर्यंत उशिरा सुरुवात केलेल्यांनी लवकरच्यांना गाठलेलं होतं. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते. पण मला या आकड्यांच्या आड लपायचं नाही, कारण मी उशीर करा असं म्हणतच नाहीये. अक्षरं चौथ्या वर्षीही देता येतात, मूल मागत असेल तर जरूर द्यावीत. कुठल्या वयात याच्यापेक्षा कुठल्या वाटेने द्यायची, यावर माझा वाद आहे. आणि सहा वर्षांखालच्या मुलासाठी तर शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेची सक्ती केलेली नाही. तो कायदा सहा ते चौदा या वयाचा आहे. पुढे घरीच शिकवायचं की शाळेत घालायचं, हा वेगळा आणि गंभीर निर्णय आहे. तीन ते सहाची वर्षं त्या निर्णयाच्या दडपणाखाली घालवायचं कारण नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. हे सगळं करायला घरात कुणीतरी मोकळं हवं, आणि आपल्या घरांत ते ‘कुणीतरी’ म्हणजे आईच असते. नोकरी सोडलेली, सासूच्या ‘पोरीला पेन्सिल धरायला कधी शिकवणार’ला तोंड देणारी, संध्याकाळी पसाराही आवरणारी. हाताने शिकण्याची बाजू मांडताना आम्ही लिहिणाऱ्या माणसांनी हे झाकून ठेवू नये. काही काम घरकामातच मिसळतं. शेंगा सोलणं, लसूण सोलणं, कणकेचा गोळा मळणं यांनी बोटांत पेन्सिल धरण्याचं बळ येतं. किराण्याची यादी मुलाला चित्रं काढून आणि येतील तेवढी अक्षरं घालून करू द्यावी, दुकानात तीच वाचायला लावावी. पण सगळं असं मिसळत नाही. लग्नपत्रिका कापायला, अक्षरं आखायला, मुलाने सांगितलेली गोष्ट चार घड्यांच्या पुस्तकात उतरवून घ्यायला, वाळू झाडायला माणूस लागतं. ते माणूस दर वेळी आईच का असावं? कामावरून आलेल्या बाबांना रात्री जेवणानंतर वेलांट्या कापता येतात. आजोबांना भेंड्या लावता येतात. आणि जिथे आईबाप दोघंही दिवसभर बाहेर राबतात, तिथल्या अंगणवाडीताईला पत्रकं आणि नोंदवह्यांतून मोकळं करून माती, बिया आणि मुलांसोबत बसायला वेळ देता येतो. ‘अभ्यास कधी सुरू करणार’ असं आईला विचारणाऱ्यांनी हा प्रश्न बाबांना, आजोबांना आणि अंगणवाडीच्या कारभाराची सूत्रं हलवणाऱ्यांना विचारायला सुरुवात करावी.